नऊ पीसी आणि एक पीडीएफ: अभ्यासिकेतल्या ‘ओपन विथ’च्या नोंदी

आमच्या गावच्या वाचनालयाची अभ्यासिका वरच्या मजल्यावर आहे. तिथे नऊ पीसी आहेत. एमपीएससीवाली पोरं, मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली आणि अधूनमधून फॉर्म भरायला येणारी मंडळी ते वापरतात. सगळ्यांवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, म्हणून दोन नव्या पीसींवर विंडोज ११ आणि सात जुन्यांवर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं, एक्सएफसीई डेस्कटॉपसकट. ते कसं टाकायचं याची माहिती ढिगाने मिळते, त्यात पडत नाही. या नोंदी नंतरच्या कटकटीच्या आहेत: कुठल्या फाईलवर डबल क्लिक केलं की काय उघडायचं. हे काम मी अर्ध्या दिवसाचं धरलं होतं.

११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

सकाळी सात नंबरवरून हाक आली, “दादा, पीडीएफ उघडेना.” जाऊन बघतो तर प्रश्नसंच गिंपमध्ये उघडायला निघालेला. गिंप म्हणजे फोटो सुधारायचा प्रोग्राम. तो पीडीएफचं एकेक पान चित्र म्हणून आत घेतो. पानं दीडशेच्या वर, मशीनला रॅम ४ जीबी, आणि पोराने वैतागून तीनदा क्लिक केलेलं. पीसी पार गोठला. बटण दाबून बंद करावा लागला.

चूक माझीच. फॉर्मला लागणारे फोटो आणि सह्या ठरावीक केबीत बसवायला सोपं जावं म्हणून गिंप मीच टाकलं होतं. गिंप, लिब्रेऑफिस ड्रॉ आणि अ‍ॅट्रिल (हा पीडीएफ वाचायचा प्रोग्राम) असे तिघेही ‘आम्हाला पीडीएफ उघडता येतं’ अशी नोंद सिस्टिममध्ये करून ठेवतात. त्यातला मुख्य कोण हे कुणी सांगितलेलं नसलं, की यादीत जो आधी सापडेल त्याच्याकडे फाईल जाते. जोवर गिंप नव्हतं तोवर सगळं सुरळीत होतं, म्हणून लक्षातच आलं नाही.

उपाय: फाईलवर राइट क्लिक, ‘सेट डीफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन’, अ‍ॅट्रिल. सात पीसी, दहा मिनिटं. चहा प्यायलो आणि घरी गेलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

पीडीएफचं निभावलं, पण फोटो, व्हिडिओ, टेक्स्ट, वेबची पानं हे सगळं सात ठिकाणी हाताने कोण करत बसणार? ही निवड वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये, ‘डॉट कॉन्फिग’ या लपलेल्या फोल्डरात, ‘माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असते. एका ओळीला एक प्रकार, त्यापुढे प्रोग्रामचं नाव. माझ्या लॅपटॉपवर ती फाईल वर्षभर घासूनपुसून तयार होतीच. पेन ड्राइव्हवर घेतली आणि सातही पीसींवर टाकली.

फोटो बरोबर उघडू लागले. वेबची सेव्ह केलेली पानं मात्र लिब्रेऑफिसमध्ये. पीडीएफ पुन्हा गिंपमध्ये! कालचं केलेलंही मीच पुसून टाकलं होतं.

दोन तास गेले. कारण सापडल्यावर कपाळाला हात लावला. माझ्या लॅपटॉपवर दुसरं लिनक्स आहे. तिथे फायरफॉक्सच्या नोंदीचं नाव ‘फायरफॉक्स डॉट डेस्कटॉप’. डेबियनमध्ये तेच ‘फायरफॉक्स-ईएसआर डॉट डेस्कटॉप’. पीडीएफ वाचायचा प्रोग्रामही माझ्याकडे वेगळा आहे. जे नाव मशीनवर अस्तित्वातच नाही ते लिहिलं, तर सिस्टिम एरर दाखवत नाही, इशारा देत नाही, ती ओळ गुपचूप सोडून पुढचा प्रोग्राम पकडते. निदान ओरडली असती तरी चाललं असतं.

हे करणाऱ्याने आधी ‘यूएसआर’मधल्या ‘शेअर’च्या आत ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ नावाचं फोल्डर उघडून बघावं. नोंदींची खरी नावं तिथे असतात, तीच अक्षर न बदलता उचलावीत. आणि बदल केल्यावर ‘एक्सडीजी-माइम’ या कमांडला विचारून घ्यावं की अमुक प्रकार सध्या कोणाकडे आहे. तीच कमांड एखादी फाईल नेमकी कुठल्या प्रकारात धरली जाते हेही सांगते. मी हे दोन्ही शेवटी केलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज विंडोजचे दोन पीसी. इथे पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडत होतं. ग्रंथपाल मॅडमना ते अ‍ॅडोबी रीडरमध्ये हवं होतं, कारण लोक डिजिटल सहीचा सातबारा घेऊन येतात आणि सहीवरची हिरवी खूण बघायला मागतात.

दोन्हीकडे मिळून वाचकांची खाती चार आहेत. सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक एक्स्टेन्शन निवडत बसायचा कंटाळा आला, म्हणून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या कोठारात, शिरलो. एक्सपीच्या काळात मी हे डोळे झाकून करायचो. तेव्हा फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘फाईल टाइप्स’ असा टॅबही होता, व्हिस्टात तो गेला. मी रजिस्ट्रीत ‘यूजरचॉइस’ची नोंद शोधली, त्यातला प्रोग्राम बदलला, आणि डबल क्लिक केलं. ब्राउझरच उघडला, माझा बदल रद्द.

विंडोज ८ पासून त्या नोंदीशेजारी एक हॅश ठेवलेला असतो. निवड त्या वापरणाऱ्यानेच सेटिंगच्या खिडकीतून केली आहे याचा तो शिक्का. हाताने नाव बदललं की शिक्का जुळत नाही आणि विंडोज ती निवड मानत नाही. अलीकडच्या विंडोजमध्ये पीडीएफ आणि वेबच्या दुव्यांवर राखण करणारा एक ड्रायव्हरही आला आहे. पूर्वी गाणी वाजवणारा कुठलाही प्रोग्राम टाकला की तो न विचारता सगळ्या एमपीथ्री स्वतःच्या नावावर करून घ्यायचा, तो धुडगूस ज्यांनी पाहिलाय त्यांना या कुलपामागचं कारण कळेल. पण आपल्याच घराच्या कुलपाला आपलीच किल्ली लागत नाही, असंही वाटलं.

मग सरळ रस्ता धरला. एका खात्यात सेटिंगमधून सगळं नीट लावलं, विंडोजच्याच ‘डिझम’ कमांडने त्या निवडी एक्सएमएल फाईलमध्ये काढल्या, आणि तीच फाईल परत ‘इम्पोर्ट’ केली. बाकीची खाती उघडून पाहिली. काहीही बदललेलं नाही. रीस्टार्ट केलं, तरी नाही. फाईलमध्ये चूक असेल म्हणून पुन्हा काढली, पुन्हा घातली. दुपार गेली.

गोम अशी की ही आयात फक्त नव्या खात्यांना लागू होते, खातं पहिल्यांदा उघडतं त्या वेळी. आधीपासूनच्या खात्यांना ती हातही लावत नाही. शेवटी वाचकांची खाती पुसून नवी केली, पहिल्या लॉगिनला सगळं जागच्या जागी. आयातीआधी एक्सएमएलमध्ये मला हव्या होत्या तेवढ्याच ओळी ठेवल्या आणि बाकीच्या काढल्या. दोन पीसींना साडेपाच तास. सेटिंगमधून चारही खाती हाताने केली असती तर तासाभरात मोकळा झालो असतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीनंतर उघडलो. सुट्टीच्या आधी टायपिंगच्या मुलींसाठी तीन आणि पाच नंबरवर सरावाचा एक जुना विंडोजचा प्रोग्राम ‘वाइन’मधून चालवून दिला होता. वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय. वाइनची नवी आवृत्ती त्यांच्याच रेपॉझिटरीतून घेतली. प्रोग्राम झकास चालला, मुली खूश.

आज तक्रार: “नोट्स चुकीच्या पाटीत उघडतात.” टेक्स्ट फाईलवर डबल क्लिक केलं की विंडोजसारखं दिसणारं एक नोटपॅड येत होतं आणि त्यात मराठीच्या जागी चौकोन. ते वाइनचं स्वतःचं नोटपॅड. आपल्याला येणारे सगळे फाईल-प्रकार वाइन लिनक्सच्या डेस्कटॉपवरही नोंदवून टाकतं, म्हणजे त्याने टेक्स्ट, वेबपानं आणि आणखी काय काय आपल्या नावावर केलं होतं.

‘डॉट लोकल’ – ‘शेअर’ – ‘अ‍ॅप्लिकेशन्स’ या फोल्डरात ‘वाइन-एक्स्टेन्शन’ने सुरू होणाऱ्या फायलींची रांग लागलेली. त्या पुसल्या. प्रोग्राम पुन्हा चालवला, काही वेळाने त्या परत हजर. आधी नळ बंद करायला हवा होता, मी फरशी पुसत बसलो होतो. ‘वाइनसीएफजी’ उघडायचं, ‘डेस्कटॉप इंटिग्रेशन’ टॅबमध्ये फाईल असोसिएशन सांभाळण्याची खूण काढायची, आणि त्यानंतर त्या फायली पुसायच्या. शेजारच्या ‘माइम’ – ‘पॅकेजेस’ फोल्डरातही वाइनच्या एक्सएमएल फायली सापडतात, त्याही काढायच्या. मग ‘अपडेट-माइम-डेटाबेस’ आणि ‘अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस’ या दोन कमांड त्या-त्या फोल्डरवर चालवायच्या. नाहीतर जुनी यादीच डोक्यात ठेवून सिस्टिम वागत राहते.

जाता जाता: पाच नंबरवर एका काकांचं वर्ड डॉक्युमेंट उघडल्यावर सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसत होती. “हेपण चुकीच्यातच उघडलंय ना?” त्यांनी विचारलं. नाही, ते बरोबर लिब्रेऑफिसमध्येच उघडलं होतं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला आणि तो फाँट मशीनवर नाही. प्रोग्राम बदलून असल्या फायली सुधारत नाहीत. पण डबल क्लिकनंतर काहीही विचित्र दिसलं की लोकांच्या लेखी ते ‘चुकीच्यात उघडलं’ असतं. तक्रारवहीत हे दोन वेगळे रकाने हवेत, असं मॅडमना सुचवलं.

१ आणि २ नोव्हेंबर

चार नंबरवर कुणीतरी पीडीएफ परत गिंपला जोडलं. ‘ओपन विथ’च्या खिडकीत तळाशी ‘या प्रकारासाठी हाच डीफॉल्ट’ अशी एक खूण असते, ती सहज केली जाते. एकाने केलं की दिवसभर त्या पीसीवर बसणाऱ्या सगळ्यांना भोगावं लागतं, कारण खातं एकच: ‘वाचक’.

मी चिडलो आणि कुलूप लावायचं ठरवलं. ‘माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट’ची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याकडे, घेतली, फाईल फक्त वाचण्यापुरती ठेवली. आता बघू कोण बदलतं ते!

रविवारी सकाळी तपासलं. फाईल बदललेली, वर मालक पुन्हा ‘वाचक’. भूत आहे की काय? भूत नव्हतं. प्रोग्राम जुन्या फाईलमध्ये लिहितच नाहीत. ते शेजारी नवी फाईल तयार करतात आणि तिला जुनीचं नाव देऊन तिच्या जागी बसवतात. त्यासाठी परवानगी लागते ती फोल्डरची, फाईलची नाही, आणि फोल्डर तर वाचकाचंच. इतकी वर्षं लिनक्स वापरून हे मला माहीत नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो.

मग ‘सीएचॲटर’ने फाईल अचल केली. आता खुद्द रूटलाही ती खूण काढल्याशिवाय बदलता येणार नाही. हे मात्र पक्कं बसलं.

९ नोव्हेंबर, रविवार

पक्कं बसलं, आणि आठवड्यात तीन जणांची अडचण झाली.

एक मुलगी अर्जक्रमांकांची यादी सीएसव्ही फाईलमध्ये घेऊन आली. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, उघडली की क्रमांकांपुढची शून्यं गळतात, म्हणून तिला त्या फायली साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच हव्या होत्या. दिवसभरात तिला तसल्या तीसेक फायली बघायच्या. दर वेळी राइट क्लिक, ओपन विथ, यादी, एडिटर. तिने वैतागून ती खूण केली तर एररची खिडकी आली. शिपाईमामांकडे गेली, मामा म्हणाले, “ते सरांनी बंद केलंय.” तिने विचारलं, “का?”

मामांनी मला फोनवर तोच प्रश्न जसाच्या तसा विचारला. मला पटकन सांगता आलं नाही. कॅल्कमध्ये फाईल आयात करताना त्या रकान्याला ‘टेक्स्ट’ हा प्रकार दिला तर शून्यं राहतात, हे मी तिला नंतर दाखवलं. पण तिचा मुद्दा तो नव्हता. फाईल तिची, काम तिचं, खुर्चीत बसलेली तीच.

कुलूप काढलं.

आता रचना अशी. वाचनालयाची पसंती ‘ईटीसी’मधल्या ‘एक्सडीजी’ फोल्डरात, पूर्ण मशीनसाठी. वाचकाच्या होममधली यादी त्याच्या वरचढ ठरते, म्हणजे बसलेला माणूस काय हवं ते निवडू शकतो. आणि पीसी सुरू होताना क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं करणारी सोय) एक ओळीची आज्ञा वाचकाची यादी पुसते, की खालून आमची पसंती आपोआप वर येते. रोज सकाळी पाटी कोरी. दिवसा मध्येच कोरी करायची असेल तर डेस्कटॉपवर ‘पूर्ववत करा’ नावाचं चित्र आहे. क्लिक केलं की तीच आज्ञा चालते.

पहिल्याच दिवशी यातही घोळ घातला. दोन पीसींवर ‘ईटीसी’मध्ये यादी टाकायची राहिली आणि वाचकाची पुसली गेली. पुन्हा गिंप.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एका गृहस्थांनी पीडीएफ फॉर्म आणला. अ‍ॅट्रिलमध्ये उघडला तर एकच पान, त्यावर इंग्रजीत ‘कृपया थांबा’ आणि खाली अ‍ॅडोबी रीडर घ्या असा सल्ला. गृहस्थ खरंच दहा मिनिटं थांबले.

हा एक्सएफए जातीचा फॉर्म. नाव पीडीएफ, पण आतली बांधणी वेगळी, आणि बरेचसे वाचक-प्रोग्राम ती उलगडतच नाहीत. फायरफॉक्स ऑक्टोबर २०२१ च्या ९३ व्या आवृत्तीपासून उलगडतो. त्यात फॉर्म लगेच आला.

आता सिस्टिमला हे कसं सांगायचं? सांगता येत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही फायली एकाच प्रकारच्या. जोडणी प्रकाराशी होते, एकेका फाईलशी नाही. मॅकवाले इथे सुखी: ‘गेट इन्फो’मधून एखाद्या फाईलपुरताच प्रोग्राम ठरवता येतो, सगळ्यांसाठी हवा तर ‘चेंज ऑल’चं बटण वेगळं. जुन्या मॅकवर तर प्रत्येक फाईलला ती कुणी जन्माला घातली हे सांगणारा चार अक्षरी कोड चिकटलेला असायचा आणि त्यावरून ती आपल्या जन्मदात्याकडे जायची. २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये तो विचारात घेणं बंद झालं.

आम्ही जुगाड केला. फायरफॉक्सच्या नोंदीची प्रत काढून तिचं नाव ठेवलं ‘भरायचा फॉर्म’, आणि ती पीडीएफ प्रकाराला जोडली. राइट क्लिक केलं की ‘ओपन विथ’मध्ये मराठीत ते नाव दिसतं. पहिल्या प्रयत्नात फायरफॉक्स उघडायचा, पण रिकामा. ‘एक्झेक’च्या ओळीत शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून एफ अक्षर लागतं, फाईलचं नाव तिथे येऊन बसतं. ते मी नोंद छाटताना उडवलं होतं. पाऊण तास.

विंडोजपेक्षा डेबियन सरस ठरल्याचा एक प्रसंगही आज घडला. एकीने डाउनलोड केलेल्या हॉल तिकिटाच्या नावाला डॉट पीडीएफ ही शेपूटच नव्हती. विंडोजने ‘कशात उघडू?’ असं विचारलं. डेबियनने फाईलचे पहिले बाइट वाचून ती पीडीएफ असल्याचं ओळखलं आणि थेट उघडली.

७ डिसेंबर, रविवार

तीन आठवड्यांत तक्रारवहीत या विषयाच्या चार नोंदी आहेत. दोन जुन्या फाँटच्या. एक अशी की ‘पूर्ववत करा’ दाबल्यावर काहीच झालं नाही. खरं तर झालं होतं, पण दिसत नव्हतं. आता ते चालल्यावर ‘झालं’ एवढा संदेश येतो. चौथी एका कोड एडिटरची: एकाने शिकण्यासाठी मागितला म्हणून टाकला, आणि तेव्हापासून ब्राउझरमधून ‘फोल्डरमध्ये दाखवा’ म्हटलं की एडिटर उघडायला लागला. फोल्डर हादेखील सिस्टिमच्या लेखी एक प्रकारच असतो आणि त्याच्यावरही कुणीही हक्क सांगू शकतं. आमच्या यादीत फोल्डरसाठी ओळच नव्हती. फोल्डर दाखवणाऱ्या थुनार या प्रोग्रामचं नाव घालून टाकलं.

खर्च: एसएसडी सात, प्रत्येकी ₹१,७५० प्रमाणे ₹१२,२५०, तो सिस्टिमच्या कामातला. या कामाला पैसे लागले नाहीत. तास मात्र साधारण सव्वीस, त्यातले निम्मे तरी मी स्वतःच केलेली चूक शोधण्यात गेले.

आमच्या यादीत आता अकराच ओळी आहेत. सुरुवातीला मी साठेक लिहिल्या होत्या.

दुपारी फेरी मारताना चार नंबरवर पीडीएफ पुन्हा गिंपला जोडलेलं दिसलं. सवयीने हात ‘पूर्ववत करा’कडे गेला, तेवढ्यात शेजारचा मुलगा म्हणाला, “सर, राहू द्या. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून सह्या कापतोय. अजून बारा उरल्यात.”